दोडामार्गातलं आमचं छोटं वराहपालन: डुकराची कोणती जात घेतली आणि का

आमची केळीची बाग सलग दोन वर्षं हत्तींनी मोडली. सिंधुदुर्गात, तिलारीच्या खोऱ्यात राहणाऱ्याला यात नवल वाटायचं नाही, पण दुसऱ्या वर्षी सकाळी आडवे झालेले घड बघितले आणि मी ठरवलं, की आता चार भिंतींच्या आत वाढेल असंच काहीतरी करायचं. शेळ्यांचा विचार झाला, पण आमच्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात त्यांचे खूर सडतात, हे शेजारी बघितलेलं होतं. डुकरं सुचवली ती नवऱ्याने. तो म्हापशाला कामाला आहे आणि तिथल्या बाजारात पोर्कसाठी लागणारी रांग त्याच्या रोजच्या डोळ्यांसमोरची.

सासूबाईंची अट एकच होती: घराच्या पडवीतून वास यायला नको. म्हणून जागा ठरली ती काजूच्या बागेतली, मांगराच्या, म्हणजे बागेतल्या खोपटाच्या, मागची अकरा गुंठे. जवळ व्हाळ (ओढा) आहे, पण तो फेब्रुवारीपर्यंतच वाहतो. हे ऐकून त्यांनी मला विचारलं, "पयली पाणी खंयसून हाडतलंस ता सांग, मगे डुकर हाड." आधी पाण्याची सोय, मग डुक्कर: जात निवडण्याच्या सगळ्या प्रवासात मला मिळालेला हा पहिला खरा सल्ला होता. तेव्हा तो मला जातीबद्दलचा वाटलाच नाही.

बाकी सगळे विचारायचे, किती घेणार? पाच, दहा, वीस? एकाने तर सरकारी योजनेचा कागदच आणून दिला. राष्ट्रीय पशुधन अभियानात वराहपालनाला पन्नास टक्के अनुदान आहे, पण त्यासाठी किमान ५० माद्या आणि ५ नर लागतात. ज्याने एकही डुकरीण व्यालेली पाहिली नाही त्याने अनुदानासाठी पन्नास माद्या घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. मी त्या वाटेला गेले नाही.

कोणती जात, हा प्रश्न मात्र कुणीच विचारला नाही, कारण उत्तर सगळ्यांच्या मनात आधीच ठरलेलं होतं: पांढरी. लार्ज व्हाइट यॉर्कशायर. मोबाइलवर बघावं तर तीच. लांब पाठीची, गुलाबी कातडीची, एका वेताला दहा-बारा पिल्लं देणारी. घाटावर साठ माद्यांचा एक फार्म आहे, तो बघायला मी गेले. मालकांनी मोठ्या आपुलकीने सगळं दाखवलं. एका खणात डुकरीण आडवी पडलेली आणि अकरा पिल्लं एका ओळीत आचळाला. ते दृश्य बघून कुणाचंही मन होईल. माझंही झालं. पण त्याच शेडमध्ये छताला पंखे होते, पाण्याचे फवारे होते, भिंतीला लागून खाद्याच्या गोण्यांची थप्पी होती आणि बाहेर जनरेटर होता. हे चारही मी डोळ्यांनी पाहिलं आणि हिशोबात धरलं नाही.

२०२२ च्या मार्चमध्ये एका विक्रेत्याकडून मी दोन महिन्यांच्या दोन पांढऱ्या माद्या आणल्या. शेड चिऱ्याचं बांधलं होतं. वरती पत्रा, कारण कौलांपेक्षा तो लवकर झाला. उंची आठ फूट. पहिले दोन महिने सगळं छान चाललं. नाव ठेवायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मुलीने एकीला चिंगी म्हणायला सुरुवात केली.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात वळीव येणार म्हणून सकाळपासून कोंदट होतं. वारा पडलेला. लाइट आदल्या रात्रीपासून नव्हती, त्यामुळे पंप बंद. दुपारी दोनच्या सुमारास मी पेज घेऊन गेले तर चिंगी कुशीवर पडली होती आणि तोंड उघडं टाकून धापा टाकत होती. कानांची पाठ लालभडक. हात लावला तर अंग तव्यासारखं. डुकराला माणसासारखा घाम येत नाही, त्यामुळे अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याला चिखल लागतो, नाहीतर ओलं अंग आणि वारा. चिखलात लोळतं म्हणून आपण ज्याला घाण म्हणतो, ती त्याची जगण्याची सोय आहे. माझ्या शेडमध्ये खाली कोरडा कोबा होता आणि वर तापलेला पत्रा. मी हंड्याने पाणी आणून तिच्या अंगावर हळूहळू ओतत राहिले, मुलगी सुपाने वारा घालत होती. चारच्या आधीच ती गेली. दुसरी व्हाळातल्या डबक्यात नेऊन बसवली म्हणून वाचली.

त्या रात्री नवरा म्हणाला, बंद करूया. मी म्हटलं, बंद करायचं तर करू, पण काय चुकलं ते कळल्याशिवाय नको. पत्रा काढून कौलं घातली, बाहेर चार फूट बाय सहा फुटांचा उथळ हौद केला, दोन हजार लिटरची टाकी उंचावर बसवली म्हणजे लाइट नसली तरी पाणी उतरेल. आणि पावसाळ्यात, कामं थोडी हलकी झाल्यावर, मी दुसरी डुकरं बघायला निघाले.

काणकोणला, आगोंदच्या वरच्या अंगाला, नवऱ्याच्या सहकाऱ्याची मावशी राहते. तिच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या काळी डुकरं आहेत. गोव्यातल्या या गावठी डुकरांची आता 'आगोंदा गोवन' या नावाने स्वतंत्र जात म्हणून कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे नोंद झाली आहे. मावशींना त्या नोंदीचं काही कौतुक नव्हतं. त्यांच्या लेखी ती आईच्या हातची डुकरं. अंगाने लहान, केस राठ, तोंड लांबुळकं, एकीच्या पायांवर पांढरे मोजे घातल्यासारखे पट्टे.

मी गेले त्या दिवशी एक डुकरीण व्यायला आठवडा झाला होता. माडाच्या झापांचा आडोसा, खाली पेंढा, सहा पिल्लं. मी बाहेर बसून तासभर नुसती बघत होते. तिला आडवं पडायचं होतं. आधी तिने नाकाडाने पेंढा ढकलून पिल्लं एका बाजूला केली. मग पुढचे दोन्ही गुडघे टेकले आणि तशीच थांबली, घशातून बारीक, थांबत थांबत आवाज काढत. पिल्लं त्या आवाजाने एका कडेला गोळा झाली. एक मात्र मागच्या पायांशी राहिलं होतं. ते बाजूला सरेपर्यंत तिने मागचा भार खाली सोडला नाही. ते सरलं, मग ती भिंतीला पाठ घासत हळूच कलली. घाटावरच्या फार्मवर अशा वेळी लोखंडी पिंजरा लागतो, नाहीतर दीडशे किलोंच्या आईखाली पिल्लू चिरडतं. इथे कसलाच पिंजरा नव्हता.

मावशींनी तोटेही तितक्याच मोकळेपणाने सांगितले. पिल्लं पाच-सहाच होतात. वर्षभर पोसलं तरी चाळीसेक किलोंच्या पुढे फारसं जात नाही. चरबी जास्त. ज्यांना घरी सोरपोतेल नाहीतर चोरीस, हे गोव्याकडचे पोर्कचे पदार्थ, करायचे असतात ते मुद्दाम हेच मागतात, पण हॉटेलवाला म्हणतो मांस कमी.

तिथून परतताना जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्थेत चौकशी केली आणि नंतर वराहपालनाचं प्रशिक्षणही घेतलं. तिथे पहिल्यांदा कुणीतरी मला उलट प्रश्न विचारले. खाद्य काय आहे तुमच्याकडे? पाणी मेमध्ये किती? विकणार कुणाला? जात हा शेवटचा प्रश्न आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

म्हणून मी घरी येऊन वही काढली.

पांढऱ्या डुकराला एक किलो वजन वाढवायला चांगलं खाद्य साधारण साडेतीन किलो लागतं. पिल्लू दहा किलोंचं आणलं आणि पंच्याऐंशी किलोंना विकलं, तर पंचाहत्तर किलोंच्या वाढीला दोनशे साठ किलोंच्या वर खाद्य. आमच्याकडे गोणी पोचती धरून किलोला बत्तीस रुपये पडत होते, म्हणजे खाद्याचेच आठ हजार चारशेच्या आसपास. पिल्लाचे चार हजार. एकूण बारा हजार चारशे. व्यापारी तेव्हा जिवंत वजनाला किलोमागे एकशे चाळीस देत होता, म्हणजे हातात येणार अकरा हजार नऊशे. लस, जंताचं औषध आणि माझे कष्ट अजून धरलेलेच नाहीत. सगळं खाद्य विकत आणून पांढरं डुक्कर पोसायचं तर दोन-चार जनावरांवर मला ते परवडणारं नव्हतं. ज्याच्याकडे स्वतःचा मका आहे, गिरणी आहे, त्याचं गणित वेगळं निघेल.

हॉटेलचं उरलंसुरलं अन्न आणा, असं पुष्कळांनी सुचवलं. गोव्याची हद्द जवळ, गाडी भरून मिळालं असतं. पण २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फिवर आला, त्याने तिथल्या पाळणाऱ्यांची डुकरं गावच्या गाव मेली. या रोगावर औषध नाही. त्याचा विषाणू पोर्कच्या उरलेल्या तुकड्यातून, सॉसेजमधूनसुद्धा येऊ शकतो. उष्टं नीट उकळून दिलं तर धोका टळतो, पण रोज दोन पिंप उकळणार कोण आणि लाकूड कुठलं? ते दार मी बंदच ठेवलं.

मग माझ्या घरचं काय? भाताचा कोंडा. फणसाच्या आठळ्या, मे-जूनमध्ये टोपल्या भरभरून. अळूची पानं आणि गड्डे, शिजवून. केळीचे बुंधे, हत्तींनी ठेवले तर. आणि काजूचे बोंडू, जे आमच्या भागात बी काढली की झाडाखाली कुजत पडतात. रस काढून त्यांचा चोथा वाळवला की तो डुकराच्या खाद्यात मिसळता येतो. हे सगळं ठीक आहे, पण तंतुमय आहे. यावर नुसतं पांढरं डुक्कर ठेवलं तर ते रोडावतं, कारण त्याला शेकडा सोळा-अठरा प्रथिनांचं खाद्य देऊनच पिढ्यान्‌पिढ्या घडवलंय. काळं डुक्कर यावर जगतं, पण वाढ हळू.

म्हणून दोन्हींच्या मधलं: काळी आई, यॉर्कशायर बाप. पहिल्या पिढीच्या संकरात आईचा काटकपणा आणि बापाची वाढ दोन्ही बऱ्यापैकी उतरतात. आपल्या देशात ठिकठिकाणी लोकांनी हाच मार्ग काढलेला दिसतो. गुवाहाटीजवळच्या राणी इथल्या राष्ट्रीय वराह संशोधन केंद्राने बंगालची देशी घुंगरू आणि परदेशी हॅम्पशायर यांच्यातून 'राणी' ही जात तयार केली. रांचीच्या बिरसा कृषी विद्यापीठाने परदेशी टॅमवर्थ आणि देशी यांच्यातून 'झारसुक' काढली. मात्र ज्या मातीतली आई, त्या मातीतच तिचा फायदा. कुणी रांचीहून गाडी भरून जनावरं मागवायला निघालं तर मी त्याला थांबवीन. आपल्या पंचक्रोशीत जी काळी डुकरं पावसाळे काढून जगलीत, त्यांच्यातलीच आई शोधावी.

ऑक्टोबरमध्ये मी दोन महिन्यांच्या तीन संकरित माद्या आणल्या. या वेळी पिल्लाकडे बघण्याआधी आई बघितली. मागच्या वेताला किती झाली आणि दोन महिन्यांनंतर किती उरली, हे दोन्ही आकडे विचारले, कारण विकणारा नेहमी पहिलाच सांगतो. पिल्लू उताणं करून सड मोजले. किमान बारा हवेत, दोन्ही ओळींत सारख्या अंतरावर, आत दबलेला एकही नको. खरखरीत जमिनीवर चालवून खूर बघितले. एक मादी दिसायला सगळ्यात देखणी होती, पण तिला अकराच सड होते आणि त्यातला एक आंधळा, म्हणजे दूध न येणारा. ती तिथेच सोडली. आणल्यावर तीन आठवडे तिघींना जुन्या पांढरीपासून लांब, वेगळ्या खणात ठेवलं, वेगळी बादली, वेगळ्या चपला. डॉक्टरांनी येऊन स्वाइन फिवरची लस टोचली. हा स्वाइन फिवर वेगळा, जुना, आणि त्याला लस आहे. नावाच्या सारखेपणामुळे लोक आफ्रिकनवरही लस मिळते असं समजतात.

नर ठेवलाच नाही. चार माद्यांसाठी एक नर पोसायचा म्हणजे पाचवं तोंड, आणि पुढे त्याच्याच मुली त्याच्याकडे जाणार. कृत्रिम रेतनाची मात्रा गोव्यातून आणायची ठरलं. यात एक गोष्ट शिकायला मिळाली. गाईच्या रेतमात्रा गोठवून ठेवतात, म्हणून मी पहिल्यांदा बर्फाचा डबा घेऊन निघाले होते. डुकराचं रेत सतरा अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. बर्फात ठेवलं तर ते वाया जातं. माज ओळखणं मात्र सरावाने येतं: पाठीवर दोन्ही हातांनी जोर दिला की मादी खांबासारखी स्थिर उभी राहते आणि कान टवकारते. दर एकवीस दिवसांनी ही संधी. पहिल्या माजाला भरवायचं नाही, तिसऱ्याला भरवलं.

मधल्या काळात, पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये, जुनी पांढरी व्याली. दहा पिल्लं. सगळं घर आनंदात. चार दिवसांत दोन तिच्या अंगाखाली गेली आणि दोन गारठ्याने. जूनचा पाऊस, लाइट नाही, ऊब द्यायला बल्ब पेटेना. मी रात्री शेगडी घेऊन बसले होते, तरी. सहा वाचली आणि चांगली वाढली. तिला दूध पाजायच्या काळात रोज वीस-पंचवीस लिटर नुसतं प्यायला पाणी लागायचं. एका जनावरावरून सगळ्या जातीला नाव ठेवणं बरोबर नाही हे मला कळतं. माझ्या जागेत मात्र तिला त्रास होता.

संकरितांपैकी पहिलीला १२ जूनला भरवलं होतं. डुकरिणीचे दिवस मोजायला सोपे, तीन महिने तीन आठवडे तीन दिवस, एकशे चौदा. ३ ऑक्टोबरला संध्याकाळी ती पेंढा तोंडात धरून फेऱ्या मारायला लागली. एक-एक काडी उचलून कोपऱ्यात नेत होती, पायाने दाबत होती, पुन्हा उकरत होती. भिंतीपासून एक वीत अंतरावर, जमिनीपासून तितक्याच उंचीवर मी या वेळी बांबू आडवे बांधले होते, म्हणजे आई टेकली तरी मागे पिल्लाला जागा राहावी. रात्री साडेअकरापासून दोनपर्यंत नऊ पिल्लं झाली. बहुतेक पांढरी, दोघं करड्या ठिपक्यांची. बांबूंची गरज होती की नव्हती सांगता येत नाही, कारण ती आडवी पडताना पुढचे गुडघे टेकून थांबली. घशातून तोच बारीक आवाज. काणकोणच्या आडोशात बसून ऐकलेला. मी मांगराच्या भिंतीला टेकून रडले.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांना लोहाचं इंजेक्शन दिलं. आईच्या दुधात लोह कमी असतं. मातीत उकरणाऱ्या पिल्लाला थोडं मातीतून मिळतं, कोब्यावरच्याला तेही मिळत नाही आणि ते पांढरं फटक पडतं. नवातली आठ दोन महिन्यांची झाली.

वजनाचं सांगायचं तर संकरित डुक्कर माझ्याकडे नवव्या महिन्यात अडुसष्ट किलोंपर्यंत आलं, पांढऱ्याच्या पंच्याऐंशीपेक्षा सतरा किलोंनी कमी. पण विकतचं खाद्य लागलं एकशे वीस किलो, बाकी कोंडा, आठळ्या, अळू, चोथा. म्हणजे विकत आणलेल्या पिल्लाचे तीन हजार धरले तरी दोन-अडीच हजार हातात राहतात. घरचं पिल्लू असेल तर जास्त. नाताळच्या आधी गिऱ्हाईक स्वतः बागेत येतं, तेव्हा भावाची घासाघीसही फार करावी लागत नाही.

पुढच्या पिढीचा प्रश्न अजून माझ्यासमोर आहे. या संकरित माद्यांना पुन्हा यॉर्कशायरचंच रेत देत गेले तर दोन पिढ्यांत मी परत पंख्या-फवाऱ्यापाशी येऊन पोचणार. संकरित नर तर पैदाशीला ठेवायचाच नाही, कारण त्याची पिल्लं कशी निघतील याचा नेम नसतो. म्हणून मावशींकडे दोन शुद्ध काळ्या माद्यांची मागणी नोंदवून ठेवली आहे. पैदाशीच्या आया काळ्याच राहतील, विकायचं ते संकरित.

गेल्या महिन्यात वाडीतली एक काकी आली, तिलाही दोन माद्या घ्यायच्या आहेत. मी कौतुकाने सगळ्यात गुबगुबीत पिल्लू उचलून तिच्यापुढे धरलं. ती म्हणाली, "ता ठेव गो खाली. आदी आवस दाखय माका." आणि आईच्या खणापाशी जाऊन, गुडघ्यावर बसून, सड मोजू लागली.